आधी लोकशाही, मग माणसे?

इन दिन हे म्यानमारच्या राखाइन प्रांतातले समुद्रकाठचे गाव. २ सप्टेंबर २०१७ रोजी तिथल्या दहा रोहिंग्या पुरुषांना हात बांधून गुडघ्यांवर बसवले गेले, त्यांचा फोटो काढला गेला आणि मग सैनिकांनी व गावातल्याच काही बौद्ध शेजाऱ्यांनी त्यांना ठार करून एका खड्ड्यात पुरले. रॉयटर्सचे दोन बर्मी बातमीदार, वा लोन आणि क्यॉ सो ऊ, या प्रकरणाचा माग काढत होते. डिसेंबरात यांगूनमधल्या एका हॉटेलात पोलिसांनी त्यांना भेटायला बोलावले, हातात काही कागद ठेवले आणि ते बाहेर पडतात न पडतात तोच सरकारी गुपिते बाळगल्याबद्दल पकडले. खटल्यात एका पोलीस कॅप्टननेच साक्ष दिली, की हा सापळा होता आणि तो रचण्याचा हुकूम वरून आला होता. लगेच त्याच्या बायकापोरांना पोलिसांच्या घरातून बाहेर काढण्यात आले आणि त्याला स्वतःला शिस्तभंगाखाली वर्षभराची कैद झाली. बातमीदारांना झाली सात वर्षांची.

त्यांची बातमी इतकी पक्की होती, की लष्करालाही ती नाकारता आली नाही. सात सैनिकांना दहा-दहा वर्षे सक्तमजुरी सुनावली गेली आणि वर्षही पुरे व्हायच्या आत ते गुपचूप सुटले. बातमीदार बाहेर आले ते मे २०१९ मध्ये, पाचशेहून अधिक दिवस काढून. दहा माणसे मारणाऱ्यांपेक्षा त्यांच्याबद्दल लिहिणारे जास्त काळ आत राहिले.

हे लष्करी राजवटीत घडले असते तर त्यावर लिहायचेही कारण नव्हते. पण तेव्हा देशात निवडून आलेले सरकार होते. त्याच्या प्रमुख होत्या आंग सान स्यू की, ज्यांच्या आयुष्यातली सुमारे पंधरा वर्षे नजरकैदेत गेली होती आणि ज्यांना शांततेचे नोबेल मिळाले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये हनोईतल्या एका परिषदेत त्यांना या खटल्याबद्दल विचारले, तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते, की शिक्षा पत्रकार म्हणून झालेली नाही, कायदा मोडला म्हणून झाली आहे. तो कायदा म्हणजे इंग्रजांचा १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट. ब्रह्मदेश त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता, त्यामुळे हे बाड आपल्याकडेही अजून लागू आहे, हे जाता जाता.

म्यानमारचा २०११ ते २०२१ हा दशकभराचा प्रवास आपल्याकडे बहुधा एकाच पद्धतीने सांगितला जातो: लष्कराने दार किलकिले केले, लोकांनी ते ढकलून उघडले, लष्कराने घाबरून ते पुन्हा लावून घेतले. यात खलनायक पक्का आहे आणि तो खराही आहे. पण एवढ्यावर थांबले की एक अवघड प्रश्न राहून जातो. सरकार हाती असलेल्या पाच वर्षांत लोकशाहीवाद्यांनी काय कमावले आणि काय गमावले? माझे म्हणणे सरळ आहे. ‘आधी लोकशाही स्थिर होऊ द्या, मानवी हक्कांचे नंतर बघू’ हा जो शहाणपणाचा सल्ला त्या काळात सगळेच देत होते, परदेशी वकिलातींपासून खुद्द सत्ताधारी पक्षापर्यंत, त्यानेच ती लोकशाही आतून पोकळ केली.

आधी लष्कराने काय देऊ केले होते ते पाहू. २००८ ची राज्यघटना ज्या प्रकारे संमत झाली, त्यातच तिचा स्वभाव दिसतो. मे महिन्याच्या सुरुवातीला नर्गिस चक्रीवादळाने इरावतीचा त्रिभुज प्रदेश धुऊन नेला. मृत आणि बेपत्ता मिळून आकडा १ लाख ३८ हजारांच्या घरात गेला. प्रेते अजून कालव्यांतून तरंगत होती, परदेशी मदतीची जहाजे किनाऱ्याबाहेर ताटकळत होती, आणि १० मे रोजी सार्वमत ठरल्याप्रमाणे उरकण्यात आले. बुडालेल्या भागाला दोन आठवड्यांची सवलत मिळाली, इतकेच. सरकारी निकाल असा, की ९२ टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला.

त्या घटनेची रचना मात्र गबाळी नव्हती. कोणीतरी डोके लावून ती विणली होती. केंद्रीय कायदेमंडळाच्या ६६४ जागांपैकी १६६ गणवेशातल्या अधिकाऱ्यांच्या, सरसेनापतीने नेमलेल्या. घटनेतली महत्त्वाची कलमे बदलायची तर ७५ टक्क्यांहून अधिक मते हवीत, म्हणजे लष्कराचा एक तरी माणूस फुटल्याशिवाय काहीच हलणार नाही. संरक्षण, गृह आणि सीमा या तीन खात्यांचे मंत्री सरसेनापती नेमणार. लष्कराच्या अंतर्गत कारभारात कोणी नाक खुपसायचे नाही. आधीच्या राजवटीत पदावर राहून जे काही केले त्याबद्दल कोणावर खटला नाही. ज्याची मुले परदेशी नागरिक त्याला राष्ट्रपती होता येणार नाही. हे कलम कोणासाठी होते ते सांगायला नको, स्यू कींचे दोन्ही मुलगे ब्रिटिश नागरिक. आणि सर्वांत शेवटी, आणीबाणीत सगळी सत्ता सरसेनापतीकडे सोपवण्याची सोय.

या शेवटच्या सोयीचा वापर १ फेब्रुवारी २०२१ रोजी झाला. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत नॅशनल लीग फॉर डेमोक्रसीने, म्हणजे स्यू कींच्या एनएलडीने, मतदान झालेल्या ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. लष्कराच्या पक्षाला ३३ मिळाल्या. नवे कायदेमंडळ भरायचे त्याच दिवशी पहाटे पकडापकड झाली. राष्ट्रपती विन म्यिंट यांनी नंतर न्यायालयात सांगितले, की दोन अधिकारी आले आणि तब्येतीचे कारण देऊन राजीनामा द्या म्हणाले. नाही म्हणालात तर जड जाईल, असेही सुचवले. ते नाही म्हणाले. मग लष्करानेच नेमलेले उपराष्ट्रपती म्यिंट स्वे हंगामी राष्ट्रपती झाले, त्यांनी आणीबाणी जाहीर केली आणि सरसेनापती मिन आंग लाइंग यांच्याकडे देश सुपूर्द केला. हे सरसेनापती त्याच वर्षी जुलैत वयाच्या पासष्टीला निवृत्त व्हायचे होते, हेही ध्यानात असू द्यावे.

ही जोडी रत्नागिरीकरांनी पाहिलेली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये थिबा राजाच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली, तेव्हा त्याच्या समाधीपाशी झालेल्या कार्यक्रमाला म्यानमारहून राजाच्या वंशजांबरोबर जे पाहुणे आले त्यांत उपराष्ट्रपती म्यिंट स्वे होते आणि सरसेनापती मिन आंग लाइंगही. त्याच्या चार वर्षे आधी तेव्हाचे राष्ट्रपती थेन सेन तिथे येऊन गेले होते. इंग्रजांनी पदच्युत करून परमुलखात आणून ठेवलेल्या राजापुढे नतमस्तक होणे हा या सेनाधिकाऱ्यांच्या राष्ट्रवादाचा मोठा भाग आहे: देश म्हणजे राजवंश, बौद्ध धर्म आणि त्यांचे रक्षण करणारी सेना. त्या हिशेबात नागरिक येतात ते रयत म्हणून. आणि हा सोहळा रत्नागिरीत चालू होता त्याच महिन्यांत राखाइनमध्ये लष्कराची पहिली मोहीम सुरू होती. हजारो रोहिंग्या नाफ नदी ओलांडून बांगलादेशात जात होते. मोठे लोंढे पुढच्या ऑगस्टनंतर आले, सात लाखांहून अधिक माणसांचे.

आता एनएलडीची बाजू. ती कमकुवत नाही आणि तिला हसण्यावारी नेणे अन्यायाचे होईल. पक्षाचे म्हणणे असे: सैन्य आमच्या ताब्यात नाही, पोलीस गृहखात्याखाली म्हणजे पर्यायाने सैन्याखालीच, घटना बदलता येत नाही. आम्ही रोहिंग्यांच्या बाजूने बोललो असतो तर बहुसंख्य बर्मी बौद्ध समाज उलटला असता आणि लष्कराला उठाव करायला निमित्त मिळाले असते. म्हणून दम धरायचा, लष्कराला डिवचायचे नाही, पुढच्या निवडणुकीत आणखी मोठा कौल घ्यायचा, आणि हळूहळू त्यांची २५ टक्क्यांची पकड सोडवायची. मार्च २०२० मध्ये त्यांनी तसा प्रयत्न केलाही. लष्कराच्या जागा टप्प्याटप्प्याने पंचवीसवरून पाच टक्क्यांपर्यंत आणण्याची दुरुस्ती त्यांनी मांडली. गणवेशातल्या १६६ जणांनी ती पाडली.

हे सारे खरे धरले, तरी ज्या गोष्टींना सरसेनापतीची परवानगी लागतच नव्हती त्यांचे काय? इथे पक्षाचा बचाव लंगडा पडतो.

दूरसंचार कायद्याचे कलम ६६(ड) घ्या. फेसबुकवर कोणाची ‘बदनामी’ केली तर तुरुंग. कायदा २०१३ चा, साध्या बहुमताने रद्द होण्यासारखा, आणि बहुमत होते. एनएलडीने त्यात २०१७ मध्ये जुजबी बदल करून ते कलम ठेवून दिले. त्याखालचे खटले थेन सेन यांच्या काळापेक्षा या निवडून आलेल्या सरकारच्या काळात कितीतरी वाढले. १९८२ चा नागरिकत्व कायदा घ्या, ज्याने रोहिंग्यांना आपल्याच देशात उपरे केले. तोही साधाच कायदा. बदलणे सोडाच, त्यावर गंभीर चर्चाही झाली नाही. २०१५ च्या निवडणुकीत एनएलडीने देशभर हजाराहून जास्त उमेदवार दिले, त्यांत मुसलमान एकही नव्हता. याला लष्कराने भाग पाडले होते काय? भीती होती ती कट्टर भिक्खूंच्या प्रचाराची, आणि त्या भीतीपुढे पक्ष आधीच वाकला.

आणि कलम ७७. आणीबाणीच्या प्रसंगी मोबाइल कंपन्यांना सेवा बंद करायला लावण्याचा अधिकार देणारे हे कलम. जून २०१९ मध्ये राखाइन आणि लगतच्या चिन प्रांतातल्या नऊ तालुक्यांत मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले. हुकूम लष्करी खात्याचा नव्हता. तो दळणवळण मंत्रालयाचा, म्हणजे एनएलडीच्या स्वतःच्या ताब्यातल्या खात्याचा होता. कुठल्या गावाजवळ लढाई सुरू आहे हे शेतकऱ्याला कळेना, पुढे कोविड आला तेव्हा त्याची माहितीही पोहोचेना. यांगूनमध्ये यावर फारशी ओरड झाली नाही. दूरचा मुलूख, त्यातून आराकानी बंडखोरांचा. मग २०२१ चा फेब्रुवारी उजाडला आणि यांगूनचे इंटरनेट बंद झाले, तेव्हा नॉर्वेच्या टेलिनॉर कंपनीला मिळालेल्या आदेशात आधार दिला होता याच कलमाचा. शेजाऱ्यासाठी परजून ठेवलेला कोयता.

उलट, मनावर घेतले की काय होऊ शकते याचेही एक उदाहरण याच सरकारने घालून दिले. देशभरचा महसूल, जमिनीची नोंद, गावपातळीवरचा कारभार पाहणारे सामान्य प्रशासन खाते कायम गृहखात्याखाली म्हणजे लष्कराखाली असे. आपल्याकडचे सगळे जिल्हाधिकारी, प्रांत आणि तलाठी एखाद्या सेनापतीला जबाबदार असावेत तसा प्रकार. डिसेंबर २०१८ मध्ये ते खाते मुलकी मंत्रालयाकडे आणले गेले. घटनेला हात न लावता. ही पाच वर्षांतली मला तरी सर्वांत भरीव सुधारणा वाटते, आणि तिच्याबद्दल बाहेर जवळजवळ कोणी बोलले नाही. दोन्ही बातमीदार अखेर सुटले तेही राष्ट्रपतींच्या माफीने. तो अधिकार पहिल्या दिवसापासून होता.

मुद्दा असा, की ज्या मुलकी सरकारच्या हातात बंदूक नाही त्याच्याकडे भांडवल एकच असते: लोकांचा विश्वास. तोही सगळ्या लोकांचा. म्यानमारमध्ये बर्मी बहुसंख्याक आहेत हे खरे, पण सीमेवरचा निम्मा मुलूख शान, काचिन, करेन, चिन, मोन, राखाइन यांचा. त्यांनी लष्कराचे खरे रूप १९६२ च्या उठावापासून, खरे तर त्याही आधीपासून पाहिलेले. लष्कराला रोखायचे तर हेच स्वाभाविक सोबती होते. त्यांच्याशी कसे वागले गेले? मोन प्रांतात मॉलम्याइनजवळ एक मोठा पूल झाला. स्थानिक मोन लोकांचे म्हणणे एवढेच होते, की आमच्या पुलाला आमच्या इथले नाव द्या. हजारोंचे मोर्चे निघाले. एनएलडीने बहुमताच्या जोरावर त्याला जनरल आंग सान यांचे, म्हणजे स्यू कींच्या वडिलांचे नाव दिले. पुढच्याच महिन्यातल्या पोटनिवडणुकीत तिथली जागा पक्षाने गमावली, तीही लष्कराच्या पक्षाकडे. एका नावापायी एवढे! ज्या आंग सान यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये पांगलाँग इथे शान, काचिन आणि चिन पुढाऱ्यांना बरोबरीच्या वागणुकीचा शब्द दिला होता, त्यांच्याच नावाने ही सक्ती व्हावी, याची गंमत तिथल्या लोकांना वाटली नसणार.

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. आधी राजकीय की आधी सामाजिक, यावर टिळक आणि आगरकरांनी आपल्याकडे दोन पिढ्यांना पुरेल इतकी शाई खर्च केली. त्यातले टिळक पुढे सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात होते हा योगायोग. तेव्हाच्या राजकीय पक्षाचा युक्तिवाद असा, की समाजातल्या दुखऱ्या जागांना हात लावला तर माणसे फुटतील आणि परकी सत्तेला ते हवेच आहे. एनएलडीचा युक्तिवाद शब्दशः तोच. फरक एवढाच, की आपल्याकडे प्रश्न संमतिवयाचा आणि विधवांच्या केशवपनाचा होता. तिथे गावेच्या गावे जळत होती. आणि ‘नंतर’ म्हणून बाजूला ठेवलेल्या प्रश्नाची ‘नंतर’ ही वेळ कधी येते, याचा आपला अनुभव काही फार उमेदीचा नाही.

को नी यांचा मृत्यू या संदर्भात पुन्हा आठवावा असा आहे. हे यांगूनचे घटनातज्ज्ञ वकील, धर्माने मुसलमान, एनएलडीचे सल्लागार. घटनेने स्यू कींना राष्ट्रपतिपद नाकारले, तेव्हा ‘स्टेट कौन्सेलर’ हे नवे पद साध्या कायद्याने निर्माण करून ती अडचण ओलांडण्याची युक्ती त्यांची. लष्कराने विणलेल्या जाळ्यात भोक पाडता येते हे त्यांनी दाखवून दिले होते आणि पूर्ण नवी घटना कशी आणता येईल यावरही त्यांचा विचार चालू होता. २९ जानेवारी २०१७ रोजी ते इंडोनेशियाहून परतले. यांगून विमानतळाबाहेर, कडेवर नातू, गाडीची वाट पाहत उभे असताना एकाने मागून येऊन डोक्यात गोळी घातली. मारेकऱ्याच्या मागे धावलेला एक टॅक्सीवालाही मारला गेला. कटाचा सूत्रधार म्हणून ज्याचे नाव पुढे आले तो माजी लेफ्टनंट कर्नल फरारीच राहिला. अंत्ययात्रेला हजारो लोक होते. स्यू की नव्हत्या. त्या बोलल्या महिनाभराने, शोकसभेत. ज्या माणसाने त्यांना सत्तेचे दार उघडून दिले त्याच्या खुनावर महिनाभर गप्प बसण्यामागे काय राजकारण होते ते त्याच जाणोत. पण लष्कराने त्या गप्प बसण्याचा अर्थ नीट लावला असावा, असे मला वाटते.

‘दुसरे काही करता आलेच नसते’ म्हणणाऱ्यांनी चिलीकडे पाहावे. तिथेही जनरल पिनोचेतने जाताना आपल्याच १९८० च्या घटनेचे कुंपण घालून ठेवले होते. ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात तो हरला; मार्च १९९० मध्ये पात्रिसियो आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले, पण सरसेनापती पिनोचेतच राहिला, आणखी आठ वर्षे. सिनेटमध्ये नऊ सदस्य नेमलेले. १९७८ चा माफीचा कायदा जागेवर. आपल्या माणसांना हात लावाल तर खबरदार, असे पिनोचेत उघड बजावत होता. आयल्विननी सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत काय केले? राउल रेत्तिग यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन आयोग नेमला. आयोगात पिनोचेतच्या एका माजी मंत्र्यालाही घेतले, की पुढे कोणी एकतर्फी म्हणू नये. नऊ महिन्यांनी अहवाल आला: राजकीय कारणांनी मारलेल्या किंवा गायब केलेल्या २,२७९ माणसांची नोंद. मार्च १९९१ मध्ये आयल्विननी टीव्हीवरून, बोलताना आवाज कापत असताना, राज्यसंस्थेच्या वतीने त्यांच्या नातलगांची माफी मागितली.

कोणाला शिक्षा झाली? लगेच कोणालाच नाही. आयल्विन यांचे धोरणच ‘शक्य तेवढा न्याय’ असे होते आणि डाव्यांनी त्यांना त्यावरून भरपूर सुनावले, योग्यच सुनावले. १९९३ मध्ये लढाऊ वेशातल्या सैनिकांना राजधानीत रस्त्यावर उतरवून लष्कराने धमकावलेही. पण सत्य एकदा सरकारी कागदावर आले की लष्कराचा ‘आम्ही देश वाचवला’ हा दावा उघडा पडत जातो. १९९८ मध्ये लंडनला पिनोचेतला अटक झाली, त्यानंतर चिलीची न्यायालये हलू लागली, नेमलेले सिनेटर २००५ च्या दुरुस्तीने गेले. मानवी हक्कांचा प्रश्न पुढे केल्याने तिथली लोकशाही कोसळली नाही. तिचे पाय त्यावरच टेकले.

चिली आणि म्यानमार यांत फरक आहेत आणि ते छोटे नाहीत. चिलीत जुनी संसदीय परंपरा होती. शिवाय तिथे मारले गेलेले बहुसंख्य समाजातलेच विद्यार्थी, कामगार, पुढारी होते. त्यांच्यासाठी रडणे सोपे होते. बर्मी मतदाराला रोहिंग्यांसाठी रडायला लावणे फार कठीण. इंडोनेशियाचे उदाहरण यापेक्षा जवळचे. संसदेत लष्कराच्या राखीव जागा ही कल्पना म्यानमारच्या सेनापतींनी तिथूनच उचलली. सुहार्तो १९९८ मध्ये गेल्यावर त्या जागा कमी होत होत २००४ पर्यंत संपल्या. मात्र जुन्या गुन्ह्यांचा हिशेब तिथे कधीच झाला नाही, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्या संसदेने सेवेतल्या लष्करी अधिकाऱ्यांना मुलकी पदे आणखी मोकळी करून दिली. पान उलटले, पण खाते मिटले नव्हते.

स्यू कींनी तर सगळ्यांत उलटी वाट धरली. गांबियाने नरसंहाराच्या आरोपावरून म्यानमारला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये देशाची बाजू मांडायला त्या स्वतः गेल्या. दुसऱ्या कोणाला पाठवता आले असते. त्यांच्या समर्थनार्थ देशात मोर्चे निघाले, फलक लागले. काही फलकांवर त्यांच्यामागे लष्कराने नेमलेले तिन्ही मंत्री हसतमुख उभे. लष्कराला वाचवून लष्कराचा विश्वास मिळेल हा हिशेब असावा. चौदा महिन्यांनी त्याच लष्कराने त्यांच्यावर पहिला आरोप ठेवला, तो घरात बेकायदा वॉकीटॉकी बाळगल्याचा. पुढे एकामागून एक खटले चालवून तेहतीस वर्षांची शिक्षा ठोठावली, मग दया म्हणून सत्तावीस केली.

लोकांनी मात्र फार लवकर शिकून घेतले. उठावानंतर दुसऱ्याच दिवसापासून रात्री आठ वाजता यांगूनच्या गॅलऱ्यांतून भांडी बडवली जाऊ लागली. घरातली इडापिडा हाकलायची तिथली ती जुनी रीत. सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टर-परिचारिकांनी कामबंद सुरू केला, मग रेल्वे, बँका, शाळा. आणि गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या तशी बर्मी तरुणांची फेसबुकवर एक नवीच भाषा दिसू लागली: रोहिंग्यांची माफी मागणारी. आमच्या दारात रणगाडा आला तेव्हा कळले, असा त्याचा सूर. उशिरा सुचलेले खरे, पण राजकीय पक्षाला पाच वर्षांत जे सुचले नाही ते विशीतल्या पोरांना पाच आठवड्यांत सुचले. जून २०२१ मध्ये उठावाविरुद्ध लोकप्रतिनिधींनी उभ्या केलेल्या भूमिगत राष्ट्रीय एकता सरकारने १९८२ चा नागरिकत्व कायदा बदलण्याचे लेखी आश्वासन दिले. रोहिंग्या हा शब्दही त्यात होता. एनएलडी सरकारने तो शब्द शक्यतो कधी उच्चारला नव्हता.

भारताचे वागणे या सगळ्यात शोभले नाही. २७ मार्च २०२१ ला नेपिडॉमध्ये सेनादिनाचे संचलन झाले. त्याच दिवशी देशभर शंभराहून अधिक नागरिक रस्त्यावर मारले गेले. संचलनाला प्रतिनिधी पाठवणाऱ्या आठ देशांत रशिया-चीनबरोबर भारतही होता. सीमेवरच्या बंडखोरांचा प्रश्न, चीनचा शिरकाव, मिझोरामला म्यानमारमार्गे समुद्राशी जोडणारा कलादान प्रकल्प, ही कारणे दिली जातात आणि ती बिनबुडाची नाहीत. पण ज्या लष्करासाठी आपण जीभ आवरली, त्याच्या हातून चिन प्रांताची सीमा जवळपास सगळी निसटली, आणि कलादानचा रस्ता ज्या पालेतवामधून जातो ते जानेवारी २०२४ मध्ये राखाइनमधल्या बंडखोरांच्या आराकान आर्मीने घेतले. म्हणजे निव्वळ व्यवहार म्हणून पाहिले तरी सौदा आतबट्ट्याचाच. मिझोराम राज्याने तेवढी लाज राखली. केंद्राने निर्वासितांना परत पाठवा म्हटल्यावरही तिथल्या सरकारने, चर्चने आणि गावांनी हजारो चिन कुटुंबांना सामावून घेतले. आपल्या देशात निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, त्यामुळे ही माणसे आजही स्थानिक मर्जीवर राहतात.

लष्कराने २०२३ मध्ये एनएलडी हा पक्षच बरखास्त केला आणि डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने मतदान उरकायला घेतले. देशाच्या मोठ्या भागात मतपेटी पोहोचत नसताना, स्यू की कैदेत असताना. यालाही काही राजधान्या ‘संक्रमण’ म्हणतील, त्यांना व्यापार सुरू करायची घाई आहे. भारताने ते म्हणू नये.

मात्र विरोधकांनाही सवलत देऊ नये. राखाइनच्या सतरापैकी चौदा तालुक्यांवर आता आराकान आर्मीचा ताबा आहे. ज्या रोहिंग्यांना लष्कर नागरिक मानत नाही, त्यांनाच २०२४ मध्ये लष्कराने सक्तीच्या भरतीत ओढून या आर्मीविरुद्ध उभे केले. आणि तालुके जिंकताना आराकान आर्मीने रोहिंग्या वस्त्या जाळल्याचे, माणसे मारल्याचे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी आणि मानवी हक्क संघटनांनी नोंदवले आहेत. राष्ट्रीय एकता सरकारला ही आर्मी हवीशी आहे, कारण तिच्याकडे मुलूख आणि बंदुका आहेत. त्यामुळे या आरोपांवर त्याचा आवाज पुन्हा बारीक झाला आहे. २०२१ चे लेखी आश्वासन बुथीडाँग आणि माँगडॉ या दोन रोहिंग्याबहुल तालुक्यांत लागू आहे की नाही, हे त्या सरकारने जाहीरपणे आत्ता सांगायला हवे, लढाई संपायची वाट न पाहता. आणि दिल्लीसह ज्यांचे ज्यांचे त्याच्याशी बोलणे चालू आहे त्यांनी पहिल्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारायला हवा.